धरण किती टक्के?

पुण्या-मुंबईत ऑगस्ट महिन्यात माणसं भेटली की तब्येत विचारतात, ट्रॅफिक विचारतात, फार तर मुलाच्या ॲडमिशनचं विचारतात. भडगावला ऑगस्टात एकच प्रश्न असतो : "धरण कितलं भरनं?" विचारणारा केळीवाला असो, सलूनवाला असो, की नुकताच बदलून आलेला बँकेचा कॅशियर असो. उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. 'बरंच भरलंय' असं मोघम बोलणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. "42" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर पुढच्या मार्चपर्यंतचा सगळा संसार उमटतो. हरभरा पेरावा की गहू, केळीचा पिलबाग धरावा की मोडावा, पोरीचं लग्न फेब्रुवारीत उरकावं की वर्षभर ढकलावं, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करावं की सचिवाला बघून गल्ली बदलावी, हे सगळं त्या एका आकड्यात असतं.

गंमत अशी की हे धरण भडगावात नाही. भडगाव तालुक्यात नाही, जळगाव जिल्ह्यातही नाही. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यात आहे. 1969 साली ते पूर्ण झालं. त्यात पाणी येतं ते कळवण-सटाण्याच्या डोंगरांकडून, आणि तेही वरची चणकापूर, पुनद, हरणबारी, केळझर ही मंडळी पोटभर जेवल्यावर. मग खाली या धरणावर मालेगाव, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा अशी लांबच लांब पंगत बसते. त्या पंगतीत भडगावचं ताट कुठेतरी मांडलेलं असतं, आणि वाढपी नेहमी दुसऱ्या टोकाला दिसतो.

त्यामुळे भडगावात धो धो पाऊस पडला म्हणून भडगावचा रब्बी ठरत नाही. आमचा शेतकरी आपल्या डोक्यावरचं आभाळ सोडून शेजारच्या जिल्ह्यातल्या आभाळाकडे बघत बसतो. कळवणला पाऊस झाला की पेढे भडगावात वाटायचे. 2019 च्या सप्टेंबरात धरण बऱ्याच वर्षांनी शंभर टक्के भरलं तेव्हा लोक गाड्या करून ते बघायला गेले. भरलेलं धरण बघण्यात काय मजा, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पगाराची पावती हातात आल्यावर तो स्वतः ती किती वेळा उलगडून बघतो, हे त्यानं आठवावं.

धरण भरलं तरी पाणी लगेच मिळत नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक व्हावी लागते. पिण्याचं पाणी आधी राखून ठेवावं लागतं. मग रब्बीसाठी किती आवर्तनं द्यायची ते ठरतं. आवर्तन सुटतं, जामद्याच्या बंधाऱ्यावर येतं, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं, आणि आपल्या शेतापर्यंत यायच्या आत वरच्या गावातला कुणीतरी रात्री गेट उचलतो. उन्हाळ्यात पिण्यासाठी नदीपात्रातून पाणी सोडतात तेव्हा तर ते वाळूतून आणि वाळूच्या खड्ड्यांतून वाट काढत कधी पोचेल ते नदीलाही माहीत नसतं. लोक पुलावर उभे राहून वाट बघतात. त्यावर उपाय म्हणून गिरणेवर सात बलून बंधारे बांधायचे ठरलंय. हा विषय वर्षानुवर्षं चालू आहे. निवडणूक आली की बलून फुगतात, निकाल लागला की हवा जाते.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की तुमच्या आयुष्याची सूत्रं तुमच्याच हातात आहेत. ते लिहिणाऱ्याच्या गावाला धरण नसावं.

या पुस्तकांची आठवण व्हायचं कारण, गेली काही वर्षं आमच्याकडे प्रेरणादायी व्याख्यानांची साथ आली आहे. पतसंस्थेचा वर्धापनदिन असो, कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, की एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, 'नियोजन, कार्यसंस्कृती आणि व्यक्तिमत्त्व विकास' हा विषय ठरलेला. भडगावला शिकवायला येणाऱ्यांची परंपरा तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं इथं सरकारी फार्म काढला होता. खानदेशच्या शेतकऱ्याला सुधारलेली शेती कशी करायची ते दाखवावं, असा हेतू. खानदेशचा शेतकरी तेव्हाही बांधावर उभं राहून सगळं शांतपणे बघत असणार, आणि साहेबाचं बोलणं संपल्यावर "पण बैल कोणाचे?" एवढंच विचारत असणार. 1872 साली गिरणेला असा पूर आला की निम्मं गाव उघड्यावर पडलं. साहेबाच्या वार्षिक आराखड्यात पुराचा रकाना असेल असं वाटत नाही.

आताचे वक्ते कोट घालून येतात. एप्रिलातही. एप्रिलात आमच्याकडे पारा 42-43 ला टेकलेला असतो, त्यामुळे निम्म्या श्रोत्यांचा जीव विषयात नसतो, त्या कोटात अडकलेला असतो. वक्ते मंचावरून फेऱ्या मारत विचारतात, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मागून आवाज येतो, "टेललाच."

सभागृह हसतं. वक्त्यांना कळत नाही. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथं पाणी शेवटी पोचतं, किंवा पोचत नाही. टेलच्या माणसाला पाच वर्षांनी मुखाशी जाता येत नाही, कारण जमीन उचलून नेता येत नाही. तो टेललाच राहणार आहे, आणि तिथंच राहून पोरांची शिक्षणं, बहिणींची बाळंतपणं आणि एक मोटारसायकल एवढं करून दाखवणार आहे. या कर्तबगारीसाठी व्याख्यानात स्लाइड नसते.

मग वक्ते म्हणतात, यशस्वी माणसं पहाटे पाचला उठतात. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण पहाटे चारला शेतातून परत आलेले असतात. कृषिपंपांची वीज पाळीनं येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस बॅटरी, काठी आणि बिबट्याची भीती घेऊन केळीत बारे देत फिरतो. त्याला पाचला उठ म्हणजे त्यानं आधी झोपायचं कधी, हे सांगावं लागेल. वक्ते पुढं सांगतात, "रोज कालच्यापेक्षा फक्त एक टक्का चांगले व्हा." एक टक्का म्हणताच मागच्या रांगेतले दोघे-तिघे ताठ बसतात. त्यांना वाटतं, धरण! या धरणाची उपयुक्त साठवण साडेअठरा टीएमसी आहे. त्यातला एक टक्का वाढला तरी भडगावात दोन दिवस चर्चा चालते. माणसानं स्वतःत एक टक्का सुधारणा केली तर तेवढी चर्चा होत नाही, हा माझा अनुभव आहे. बायकोच्याही लक्षात येत नाही.

आता कोणी म्हणेल, सगळं कळवणच्या पावसावर टाकून मोकळं झालं की नियोजन कसलं? तर तसं नाही. आमच्याकडे नियोजन भरपूर आहे, पण त्यात तारखा नाहीत. त्यात आधी काय आणि मग काय एवढंच असतं. पाऊस आला की कपाशी, कपाशी उगवली की खत, खत दिलं की उधारी, उधारी वाढली की पोळा, पोळ्यानंतर वेचणी. पाऊस दहा दिवस उशिरा आला तर सगळा आराखडा दहा दिवस पुढे सरकतो आणि कुणीही मीटिंग बोलावत नाही.

या नियोजनाचा पहिला दिवस म्हणजे आखाजी. अक्षय तृतीया म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला सराफाची जाहिरात आठवते. खानदेशला आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आणि त्याच दिवशी शेतीचं वर्षही बदलतं. सालदाराचं साल तेव्हा ठरतं.

साल ठरताना एकदा तरी ओट्यावर बसून ऐकावं. मालक आकडा सांगतो. सालदार आकड्याकडे बघतच नाही. तो विचारतो, म्हशी किती? धार कोण काढणार? रात्रीचं पाणी एकट्यानं भरायचं की जोडीला कोणी? उचल किती? पोरीचं लग्न वैशाखात आहे, तेव्हाचे दिवस कापणार का? विहिरीची मोटार जळाली तर बोलणी कोण खाणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि मालक सगळ्यांत उशिरा त्याचं उत्तर देतो. मग चहा येतो, पुन्हा आकडा, पुन्हा चहा. शेवटी दोघंही आपण फसलो असा चेहरा करून उठतात, म्हणजे सौदा रास्त झाला. पुण्याच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या भाचे-पुतण्यांना मी हेच सांगत असतो की पगार विचारण्याआधी म्हशी किती ते विचारा. त्यांना विनोद वाटतो. सहा महिन्यांनी एकाचा फोन येतो, "मामा, म्हशी चार निघाल्या."

आणि आखाजीलाच दुपारी पत्ते. सकाळी वर्षाचा करार, पितरांना नमस्कार, दुपारी पिंपळाखाली डाव. नीतीच्या दृष्टीनं हे समर्थनीय नाही आणि मी समर्थन करत नाही. पण ज्याची सगळी शेती दुसऱ्या जिल्ह्यातल्या पावसावर उभी आहे, त्याला पत्त्यांत नवं काय शिकायचं असतं?

आखाजीच्या रात्री आणखी एक नियोजन चालतं, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला. तिथं शेतात घटमांडणी होते. गोलाकार धान्यं मांडतात, मध्ये खड्ड्यात चार ढेकळं पावसाच्या चार महिन्यांची, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोळी-कुरडई, पानविडा. पुरी म्हणजे पृथ्वी, कुरडई म्हणजे चारापाणी, विडा म्हणजे राजा. पहाटे उठून बघायचं, काय हललं, काय गायब झालं. त्यावरून पाऊस, पिकं, राजाची गादी सगळं सांगतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ते छापून येतं आणि भडगावातले लोक ते मोठ्यानं वाचतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी त्याचा समाचार घेतात, तेही बरोबरच आहे. हवामान खातंही एप्रिलात सरासरीच्या इतके टक्के पाऊस असं सांगतं. आमचे जिभाऊ दोन्ही ऐकतात, दोन्हींना मान डोलवतात आणि जूनमध्ये नेहमीच्याच दिवशी नेहमीचंच बियाणं आणतात. मी त्यांना विचारलं, मग ऐकता कशाला? तर म्हणाले, "पेपरचे पैसे दिले ना भो."

पण हे झालं पुरुषांचं. खरं नियोजन बघायचं असेल तर चैत्र-वैशाखात भडगावच्या गच्च्यांवर बघावं.

बिबडे नावाचा पदार्थ खानदेशाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. ज्वारीचा पापड म्हटलं तर समजेल, पण आमच्या आक्कांना ते पटणार नाही. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, उपसायची, दळून आणायची. हे कोणत्या दिवशी सुरू करायचं ते गिरणीवर गर्दी कधी नसते, घरात कोणाचा पाळीचा दिवस आहे, आणि गल्लीत कोणाकडे मयत-सुतक आहे, यावर ठरतं. मग ठरलेल्या दिवशी पहाटे, अंधार असताना, मोठ्या पातेल्यात घाटा शिजायला लागतो. तो ढवळायला मनगट लागतं. ऊन चढायच्या आत घाटा गच्चीवर गेला पाहिजे, कारण ऊन चढलं की बिबडा धड थापला जात नाही आणि बाईही धड बोलत नाही. खाटांवर कपडे अंथरलेले, त्यावर बिबडे थापत जायचं. लहान पोरांना वाटीभर गरम घाटा, वर कच्चं तेल आणि तिखट. ही वाटी म्हणजे पोरांनी कावळे हाकण्याचं आगाऊ वेतन.

आज या घरी, उद्या त्या घरी, परवा कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे. पाळीचा कागद कुठे नसतो. कुणी कुणाला 'माझ्याकडे ये' म्हणून आठवण करत नाही. पण जी बाई तिसऱ्या घरी आली नाही, तिच्या घरच्या दिवशी गल्लीत अचानक सगळ्यांचे गुडघे दुखायला लागतात. याला कार्यसंस्कृती म्हणतात असं मला त्या व्याख्यानातूनच कळलं. आक्कांना मी ते सांगितलं, तर त्यांनी फक्त परात सरकवून दिली.

किती करायचे याचं गणित तर कोणत्याही गोदाम व्यवस्थापकानं पाय धुऊन प्यावं असं. घरात माणसं किती, त्यांतली दातवाली किती. दिवाळीचे पाहुणे. श्रावणातले उपास वजा. मोठ्या लेकीचा वाटा, धाकट्या लेकीचा वाटा. पुण्याच्या मुलाचा वाटा वेगळा : तो दरवर्षी "फ्लॅटमध्ये जागा नाही, देऊ नको" म्हणतो आणि दोन डबे नेतो, म्हणून त्याचे धरलेल्यापेक्षा दुप्पट. सुनेच्या माहेरचे. शेजारच्या भाडेकरूचे, कारण तिचं हे पहिलंच वर्ष, तिला जमले नाहीत तर. आणि यावर थोडे असेच, कशासाठी हे न ठरवता. हे 'असेच' फार महत्त्वाचे. ऑक्टोबरात कोणीतरी अचानक येतंच. माझ्या मते आधुनिक नियोजनशास्त्रात हा असाच नावाचा रकाना नसल्यामुळे जगातले निम्मे प्रकल्प रखडतात.

मग दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेला ढग दिसतो. अवकाळी. त्या क्षणी गल्लीत जे काही घडतं त्याची रंगीत तालीम कधीच झालेली नसते. ज्या घरचे बिबडे वाळत असतील त्या गच्चीवर सगळी गल्ली चढते. भांडलेल्या जावाही चढतात. खाटा उचलल्या जातात, कपडे गुंडाळले जातात, कुणाच्या तरी घरातला पलंग बिबड्यांसाठी मोकळा केला जातो आणि त्यावर झोपलेले आजोबा खाली सतरंजीवर. पाऊस चार थेंब टाकून जातो. परत सगळं वर. कुणी 'अंदाज चुकला' म्हणून चौकशी समिती नेमत नाही.

व्याख्यानाला बायका का येत नाहीत, असं एका वक्त्यांनी आयोजकांना खेदानं विचारलं होतं. व्याख्यान चार वाजता होतं. चार वाजता बिबडे उलटवायचे असतात.

याउलट पुरुषांचं नियोजन जिथं अडतं ते ठिकाण म्हणजे मागचं वर्ष. 2021-22 च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला. ज्यांनी दिवाळीत विकला ते हळहळले, ज्यांनी थांबून विकला ते शहाणे ठरले. भडगावात त्या उन्हाळ्यात शहाण्यांची संख्या एकदम वाढली. चहाच्या टपरीवर ज्याला त्याला कापूस का थांबवावा हे समजावून सांगता येत होतं. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तेच केलं. 2022-23 चा कापूस वेचला आणि घरात भरला. ओसरीत भरला, माडीवर भरला, बैठकीत भरला. पाहुणा आला की त्याला कापसाच्या ढिगावर बसवायचं. माघ गेला, फाल्गुन गेला. कापसातल्या किड्यांनी घरातल्या माणसांना खाज सुटली, डॉक्टरांकडे मलमासाठी रांगा लागल्या. भाव मात्र 7,000-8,000 च्या आसपास घुटमळत राहिला. पोरं रात्री झोपेत खाजवत होती आणि बाप सकाळी उठून म्हणत होता, "अजून आठ दिवस थांबू."

त्यात पूर्ण वेडेपणा होता असं मी म्हणणार नाही. मालाला भाव पाहिजे म्हणून थांबणं हा हक्क आहे, आणि आपल्या शेतकऱ्याकडे तो हक्क बजावायला घरची बैठक सोडून दुसरं गोदाम नसतं. पण एक गोष्ट खरी. धरणाच्या बाबतीत आपल्या हाती काय नाही हे आम्हाला तोंडपाठ आहे. भावाच्या बाबतीत मात्र एक वर्ष साधलं की बाजार आपल्याच गावात भरतो असं वाटायला लागतं. सगळे एकाच वेळी शहाणे झाले की शहाणपणाचाही भाव पडतो, हे कापसानं शिकवलं. केळी दरवर्षी शिकवते. बऱ्हाणपूरचा केळीभावाचा बोर्ड आणि आपल्या बांधावरचा व्यापारी यांच्यात किती अंतर असतं ते मोजायचं यंत्र अजून निघायचं आहे.

लिंबाचा एक मुद्दा राहिला. आमच्या भागात लिंबाच्या बागा आहेत. लिंबाला उन्हाळ्यात भाव असतो आणि झाडाला मात्र आपल्या सोयीनं फळायचं असतं. म्हणून हस्त बहार धरतात. पावसाळ्याच्या शेवटी झाडाचं पाणी तोडायचं, त्याला तहानलेलं ठेवायचं, थोडी पानगळ होऊ द्यायची. झाड घाबरतं, मरायच्या भीतीनं फुलावर येतं. मग खत-पाणी. एका वक्त्यांनी ताण हा माणसाचा सर्वांत मोठा शत्रू आहे असं सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेतले लिंबूवाले एकमेकांकडे बघून घेत होते. त्यांच्यापैकी एकानं नंतर मला विचारलं, "हा माणूस बहार कधी धरतो?" ताण किती द्यायचा हे मात्र त्यांनाही तंतोतंत जमत नाही. दरवर्षी कुणाचं तरी झाड वाळतंच, आणि मधेच पाऊस झाला तर झाड खुशाल पालवी काढून बसतं.

नियोजनाच्या क्षेत्रात आमच्या बाजूला मोठी माणसं झाली नाहीत असं नाही. भडगावहून चाळीसगावला जावं, तिथून सातमाळ्याच्या डोंगरांकडे वळलं की पाटणादेवी लागते. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. 'लीलावती' हा ग्रंथ 1150 सालचा. त्यामागची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. मुलीच्या पत्रिकेत वैधव्य दिसत होतं. भास्कराचार्यांनी गणित करून दोष टाळणारी एकच घटका शोधून काढली. भोकाचं घटिकापात्र पाण्यावर ठेवलं, ते बुडेल तो क्षण. पोरगी कुतूहलानं वाकून बघायला गेली, तिच्या दागिन्यातला मोती सुटून पात्रात पडला, भोक बुजलं, पात्र बुडालंच नाही, मुहूर्त गेला. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 1587 साली 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला, त्यात ही कथा येते. त्याआधी तिचा पत्ता नाही, म्हणून अभ्यासक तिला दंतकथा मानतात.

दंतकथा असली तरी ती रचणारा मनुष्य संसारी असणार. हिंदुस्थानातला सर्वांत मोठा गणिती, अचूक मुहूर्त, अचूक यंत्र, आणि सगळं अडवलं कुणी तर घरातल्याच पोरीच्या हौसेनं. ही गोष्ट मी आमच्या आक्कांना एकदा सविस्तर सांगितली. ग्रहगती, छिद्राचा व्यास, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरले तठे कसाले उभं करं? आन पात्र एकच?" दुसरं पात्र का ठेवलं नाही, हा प्रश्न चारशेहून अधिक वर्षांत एकाही पंडितानं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. बिबड्यांत 'असेच' धरणाऱ्या बाईला तो पहिल्या फटक्यात सुचला.

वक्त्यांवर माझा राग नाही. त्यांनाही गावोगावी फिरून पोट भरायचं असतं, त्यांचंही वर्ष कुणाच्या तरी आमंत्रणावर अवलंबून असतं, आणि आयोजक मानधन 'उद्या टाकतो' म्हणाले की त्यांना टेल म्हणजे काय ते आपोआप कळतं. फक्त त्यांनी एवढं करावं : भडगावला येण्यापूर्वी विषय बदलू नये, श्रोते बदलावेत. कळवणला बोलावं, मुंबईला जलसंपदा विभागात बोलावं, कापसाचा भाव जिथं ठरतो तिथं बोलावं. आमचं नियोजन त्यांच्याकडे अडलेलं आहे.

आणि तुम्ही, वाचक, व्याख्यान द्यायला नव्हे, नुसते यायचे असाल तर डिसेंबर-जानेवारीत या. तेव्हा ऊन मऊ असतं, नवी दादर ज्वारी कणसात भरत असते, आणि जळगावच्या त्या हिरव्या-पांढऱ्या भरिताच्या वांग्यांचा हंगाम असतो. 2016 साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजू, शेतातच बसू, कळण्याची भाकरी असेल, बिबडे असतीलच. पुण्याहून निघण्याआधी दिवस कळवा. वेळ कळवू नका, वांगी तुम्ही पोचल्यावरच विस्तवावर टाकू.